माझ्या वजनाची हवा

सायकलचा मागचा शॉकअप मेलाय, हे मला आधी माझ्या कमरेनं सांगितलं.

सायकल म्हणजे आपली दूधवाल्याची साधी सायकल नव्हे. जाड टायरची, पुढच्या चाकालाही शॉकअप आणि मागच्यालाही, डोंगरात उड्या मारायला बनवलेली. लेकीनं पुण्यात नोकरी करताना ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती. पुढं ती बंगळुरूला गेली, सायकल आमच्या देवळाली प्रवऱ्यातल्या पोर्चमध्ये आली आणि तिच्यावर ओले टॉवेल वाळू लागले. एका सकाळी, का कोण जाणे, मी टॉवेल बाजूला केला आणि बसले. शाळकरी वयात मैत्रिणीच्या भावाच्या सायकलवर शिकलेलं अंग विसरलं नव्हतं. पन्नाशीला टेकलेली गणिताची बाई पंजाबी ड्रेस घालून असली सायकल हाणतेय, हे बघून कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं विचारलं, “मॅडम, रेसला का?” म्हटलं, “हो, येतोस?” त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

रेस-बिस काही नव्हती. मला आक्काकडं जायचं होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दाजी गेल्यापासून कॅनॉलच्या कडेच्या वस्तीवर ती आणि तिच्या दोन म्हशी एवढाच संसार. मुलगा-सून श्रीरामपूरला. आमच्या घरापासून वस्ती काही फार लांब नाही, पण तिकडं ना एसटी जाते ना रिक्षा. कॅनॉलच्या भरावावरून मुरमाचा रस्ता आहे, तोच काय तो. स्कूटी मी आयुष्यात एकदाच चालवली आणि शेजाऱ्यांच्या गेटानं ती थांबवली. त्यामुळं लग्न झाल्यापासून बहिणीकडं जायचं ते ह्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून. ह्यांचा रविवार, ह्यांचा मूड, आणि आक्काचं गाऱ्हाणं जरा कुठं रंगात येतंय तोवर अंगणातून ह्यांचं खाकरणं. माणूस वाईट नाही, कधी नाही म्हणालेला नाही. पण बहिणीशी बोलायला दुसऱ्याच्या घड्याळात बघावं लागतं, ह्याचा आपल्याला केवढा राग होता, ते मला सायकलवर बसल्यावर कळलं.

तेव्हापासून शनिवारची सकाळची शाळा सुटली, दोन घास पोटात गेले, की मी कॅनॉलवर. एकीकडं पाणी, दुसरीकडं ऊस, मध्ये मी. आक्का आणि मी दुपारभर बसायचो. काय बोलायचो ते विचारू नका, त्यातलं निम्मं सांगण्यासारखं नाही.

मग कंबर धरली. डाव्या पायात कळ उतरायला लागली, फळ्यासमोर उभं राहवेना. फोटो काढले, मणक्यातली गादी सरकलीय असं निघालं. डॉक्टर म्हणाले, “सायकल चालवायला हरकत नाही, उलट चांगलं. पण हादरे नकोत. हादरे बसत असतील तर सायकल बंद.”

घरी येऊन सायकल नीट बघितली. मागच्या शॉकअपच्या दांड्यावर काळं चिकट तेल साचलेलं. सीटवर बसलं की तो खाली जाऊन ठक्क करून आपटायचा आणि तितक्याच वेगानं वर फेकायचा. पुढच्याच्या नळ्यांवर गंज चढून त्या खरबरीत झालेल्या. त्यात साखर कारखान्यांचा सीझन चालू झालेला. उसाच्या ट्रॉल्यांनी कॅनॉलचा रस्ता उभा-आडवा उकरून ठेवलेला. एवढे दिवस ते सगळे दणके माझ्या मणक्यानं खाल्ले होते.

म्हणजे आता सरळ हिशोब होता. हादरे थांबले तर आक्काकडं माझी मी जाणार. नाही थांबले तर पुन्हा मागच्या सीटवर.

“मी आहे ना सोडायला,” हे म्हणाले.

“आहात हो,” मी म्हटलं, “तीच तर अडचण आहे.”

त्यांना वाईट वाटलं असावं, पण मला त्या वेळी गोड बोलायला सुचत नव्हतं. मी हट्टाला पेटले होते.

पुण्यातल्या एका सायकलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, इतक्या जुन्या फ्रेमचे शॉकअप आता येत नाहीत, मापंच बदलली आहेत, नवीन सायकल घ्या. मी म्हटलं, नवीन सायकल घ्यायची का नाही ते मी बघते, तुम्ही माप सांगा. मग त्यानं समजावलं: शॉकअपच्या दोन्ही टोकांना जी भोकं आहेत त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा, आणि दांडा जास्तीत जास्त किती आत जातो ते मोजा. एवढी दोन मापं जुळली तर बाकी सगळं जमतं. एक मिलिमीटर इकडं-तिकडं झालं तर मात्र चाक फ्रेमला घासेल.

मिलिमीटर म्हटल्यावर मला चेव आला. शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर आणला, पोर्चमध्ये फतकल मारून बसले आणि भोकाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत मोजून त्यात एका भोकाचा व्यास मिळवला. तीन वेळा तेच उत्तर आलं. “परीक्षेचा पेपर आहे का?” हे म्हणाले. मी मान वर केली नाही.

पुण्याच्या सायकलवाल्याकडं जुन्या मालात त्या मापाचा हवेचा शॉकअप पडून होता. आमच्या जुन्या सायकलच्या लहान चाकाला बसेल असा पुढचाही एक सापडला, तोही हवेचा. खोक्यातून दोन्ही आले, आणि त्यांच्याबरोबर वीतभर लांबीचा, दाब दाखवणारं घड्याळ लावलेला एक हातपंप. ह्या शॉकअपमध्ये स्प्रिंग नसते, हवाच स्प्रिंगचं काम करते. टायरपेक्षा कितीतरी जास्त दाबाची हवा, म्हणून पंपही वेगळा.

गावातल्या सायकल दुकानदारानं हात लावायला नकार दिला. शेवटी राहुरी रस्त्यावरच्या ट्रॅक्टर गॅरेजात नेली. गॅरेजवाला ओळखीचा होता, त्याची पोरगी माझ्या वर्गात होती. मागचा बोल्ट गंजून मुरलेला. त्यानं डिझेल सोडलं, तासभर चहा-पान केलं, मग लांब पाना लावून असा हिसका दिला की सायकल बोंबलली. दुपार टळायच्या आत दोन्ही शॉकअप जागेवर बसले होते, काळेभोर, चकचकीत. मला तर वाटलं माझाच मणका बदलला.

गॅरेजवाल्यानं सीटवर तळहात ठेवून दाब दिला. मागचा शॉकअप मऊपणे खाली गेला आणि वर आला.

“बसतोय की ओ मॅडम,” तो म्हणाला. “हवा कमी हाय.”

हे इथं सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं. आमच्याकडं गाडीची पारख एकाच गोष्टीवर होते: वजन टाकल्यावर ती बसते का. ट्रॉली नवी आली की तिच्या स्प्रिंगच्या पाट्यांत लगेच एक जादा पाटा घालून घेतात. पिकअप घेतली की आधी गॅरेज, मग पूजा. ऊस खच्चून भरल्यावर जी गाडी एका बाजूला कलली ती बाद, तिच्या मालकाला पारावर चार लोक हसतात. जी बसत नाही ती चांगली. ह्या हवेत मीही वाढले होते.

गॅरेजात ट्रॉलीचं चाक बदलायला आलेला एक ऊसवाहतूकदार होता, त्यानंही दाबून बघितलं. “व्हय, बसतोय. भरा अजून.” रस्त्यानं चाललेला एक ओळखीचा शिक्षक थांबला, त्यानंही दाबलं. मी पंप लावला. सगळे आलटून-पालटून दाबत होते आणि मी भरत होते. पंपाच्या घड्याळातला काटा शेवटाजवळ गेला तेव्हा गॅरेजवाल्यानं दोन्ही हातांनी जोर लावला आणि सायकल इंचभरही हलली नाही.

“आता कसं!” तो म्हणाला. “आता पोतं टाका न्हाईतर मानूस, हालायची न्हाई.”

पुढच्याचीही तीच गत केली. त्यानं फडक्यानं मागचा दांडा पुसला, तशी त्यावरची रबराची बारीक रिंग वर सरकली. मी त्याला दहादा थँक्यू म्हणून निघाले.

पुढच्या शनिवारी जेवतानाच घाई झाली होती. आक्काला फोन केला, “येतेय गं, एकटी येतेय.” कॅनॉलवर चढले आणि पहिल्याच ट्रॉलीच्या चाकोरीत समजलं की काहीतरी बिनसलंय. पण मन मानायला तयार नव्हतं. नवीन आहे, सैल व्हायला वेळ लागेल, अशी स्वतःची समजूत काढत मी पायडल मारत राहिले. पुलाच्या अलीकडं दगडांचा तुकडा लागतो. तिथं प्रत्येक दगड वेगळा मोजता आला. पुलापर्यंत पोचले आणि कमरेतून कळ अशी निघाली की सायकल तशीच आडवी टाकून मी कठड्याला धरून उभी राहिले. बसताही येईना, वाकताही येईना. डोळ्यांतून पाणी आलं, ते दुखण्याचं कमी आणि संतापाचं जास्त.

ह्यांना फोन केला. ते पिकअपवाल्या मित्राला घेऊन आले. एक शब्द बोलले नाहीत. सायकल मागं टाकली, मला पुढं बसवलं. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. आक्काला त्यांनीच कळवलं.

पुढचे कितीतरी दिवस मी हॉलमध्ये फरशीवर चटई टाकून पडून होते. डॉक्टरांनी सायकलचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. रविवारी हे म्हणाले, “चल, गाडीनं जाऊन येऊ हळूहळू,” तर मी भिंतीकडं तोंड केलं. मला आक्का नको होती असं नाही. मला तसं जायचं नव्हतं. आता तसंच जायचं आहे, हे एकदा मान्य केलं की संपलं, आणि ते मान्य करायचं वय झालंय असं आतून कुणीतरी सांगत होतं. ते दिवस वाईट होते. शेवटी मीच ह्यांना म्हटलं, सायकलचे फोटो काढा, विकून टाकू.

ह्यांनी फोटो काढले आणि मला न विचारता लेकीला पाठवले. तिचा लगेच व्हिडिओ कॉल आला.

“आई, मागच्या शॉकअपच्या दांड्यावर एक बारीक रबराची रिंग आहे, ती कुठं आहे बघ.”

“मला वाकता येत नाही.”

“बाबांना बघू दे.”

हे चष्मा लावून पोर्चमध्ये वाकले. रिंग वर, शॉकअपच्या जाड भागाला अगदी चिकटून होती. लेकीनं फोन आणखी जवळ न्यायला लावला. मग म्हणाली, “आई, ही रिंग चालवताना खाली सरकते. दांडा जितका आत जाईल तितकी ती ढकलली जाते. ती जागची हललीच नाहीये.”

“मग?”

“मग काय! तुझा नवीन शॉकअप एकदासुद्धा चाललेला नाही. किती हवा भरलीस?”

मी आकडा सांगितला. ती इतकी मोठ्यानं हसली की ह्यांच्या हातातला फोन हलला.

“एवढी हवा मी दीडशे किलोची असते तरी भरली नसती. लोखंडाच्या बाकावर बसून गेलीस की तू! अगं, तू नुसती बसलीस तरी तो थोडा खाली गेला पाहिजे. पाव भाग तरी. बसण्यासाठीच असतो तो.”

“बसला तर काय उपयोग?” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “गॅरेजात चार लोकांनी बघितलं.”

“त्या चार लोकांना ऊस न्यायचा असतो आई. तू काय ऊस आहेस का?”

मी तिच्याशी वाद घातला, हे कबूल. बोलताना ती बापावर जाते, सगळं पटण्यासारखं बोलते, आणि त्याचाच मला राग येतो. पण फोन ठेवल्यावर गणित डोक्यात फिरायला लागलं. चाकोरीत चाक खाली पडतं तेव्हा त्याला खाली जायला जागा पाहिजे. शॉकअप आधीच पूर्ण ताणलेला असेल तर ती जागा आणायची कुठून? आधी थोडं बसलेलं असेल तरच खड्ड्यात चाक उतरेल आणि मी वरच्या वर राहीन. वर्गात हे मी पोरांना आकृती काढून शिकवलं असतं. पारावरच्या हसण्याच्या भीतीनं माझी आकृती पुसली गेली होती.

पाय जरा सुटल्यावर मी पोर्चमध्ये स्टूल घेऊन बसले. पुढच्या-मागच्या दोन्ही शॉकअपच्या व्हॉल्व्हची टाचणी दाबली. फुस्स करून हवा गेली. ह्यांनी आतून विचारलं, “पंक्चर?” मग भिंतीला धरून सायकलवर बसायचं, उतरायचं, ह्यांनी रिंग बघायची, हवा थोडी सोडायची, थोडी भरायची. हे पट्टी घेऊन वाकले होते आणि उगाच गंभीर चेहरा करून मिलिमीटर सांगत होते. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघांनी मिळून न भांडता एक काम केलं. शेवटी मी बसले आणि सायकल माझ्याखाली अलगद खाली गेली, थांबली. दमून आल्यावर आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसावं तसं वाटलं. रिंग पाव भागावर.

“झालं,” हे म्हणाले. “ही तुझ्या वजनाची हवा. माझी वेगळी येईल.”

“तुम्ही कशाला बसताय?” मी म्हटलं. ते हसले.

डॉक्टरांना सगळं सांगितलं, रिंगसकट. ते म्हणाले, आधी व्यायाम, मग सपाट रस्ता, मग बघू. मी मुकाट्यानं सगळं केलं. सकाळी व्यायाम, मग गल्लीतला स्पीडब्रेकर, मग शाळेचं मैदान. स्पीडब्रेकरवरून पहिल्यांदा गेले तेव्हा दणक्याची वाट बघत दात आवळून बसले होते, आणि दणका आलाच नाही. मी वळून पुन्हा त्याच्यावरून गेले. चहावाला बघत होता, मीच हात केला.

संक्रांत होऊन गेली होती. एका शनिवारी मी पिशवीत पंप टाकला आणि कॅनॉलवर चढले. आवर्तन सुटलेलं होतं, पाणी काठोकाठ. ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या तशाच होत्या. चाक आत उतरत होतं, वर येत होतं, आणि मी त्यांच्या वर माझी माझी चालले होते. दगडांच्या तुकड्यात हळू घेतलं. पूल आला, गेला. पुलापलीकडं मला रडू फुटलं आणि मी थांबले नाही, कारण थांबून रडण्यासारखं काही नव्हतं.

आक्का गोठ्यापुढं म्हशींना उसाचं वाढं टाकत होती. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्यामागं रस्त्याकडं.

“कोन आलंय संगं?”

“कुणी नाही.”

“आन कंबर?”

“आहे जागेवर.”

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. हाताला वाढ्याचा वास होता. मग चहा झाला, दुसरा चहा झाला, सुनेचं झालं, भावकीचं झालं. धार काढायची वेळ झाली तेव्हा आक्का उठली आणि जाता जाता सीटवर तळहात ठेवून दाबून बघितलं.

“अगं, ही तर बसती.”

“बसायलाच पाहिजे,” मी म्हटलं, आणि लेकीनं मला सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. रिंग दाखवली. मी बसून दाखवलं, ती वाकून रिंगेकडं बघत होती.

“म्हंजी परतेकाची हवा येगळी?”

“ज्याच्या त्याच्या वजनाची.”

धारेची चरवी तिनं ओट्यावर ठेवली.

“मंग माझी भर.”

मला वाटलं चेष्टा करतेय. “पडशील.”

“पडंन. तुला काय करायचंय?” तिनं पदर खोचला. “आदी बापाच्या मागं बसले. मंग तुज्या दाजींच्या मागं. आता पोराच्या मागं बसती, त्ये बी त्याला सवड आसली तर. साठी वलांडली माझी. मी कदी फुडं बसलेच न्हाई.”

इतकी वर्षं मला वाटत होतं, कुणीतरी सोडायला यायची वाट बघणं हा माझ्या एकटीचाच जाच आहे. दर खेपेला मी तिच्याकडं येऊन त्याचं रडगाणं गायचे आणि ती ऐकून घ्यायची. तिचं मी कधी विचारलं नव्हतं, तिला कुठं जावंसं वाटतं का. मला तिच्याकडं बघवेना. मी खाली वाकले आणि सीट तिच्या उंचीला खाली घेतली.

गोठ्याच्या खांबाला सायकल टेकवली. आक्कानं साडीचा काष्टा मारला, एक हात खांबाला, एक माझ्या खांद्याला, आणि तंगडी पलीकडं टाकली. ती बसली तशी सायकल पार खाली गेली. ती “आगं आई” म्हणून ओरडली, मग दोघीही इतक्या हसलो की म्हशींनी माना वर केल्या. ती उतरली, मी पंप लावला. पुन्हा चढली. रिंग अजून फार खाली होती. पुन्हा उतरली, पुन्हा चढली. दर वेळी चढणं थोडं सोपं होत होतं.

त्या दिवशी ती एक पाऊलही पुढं गेली नाही. नुसती बसली, पाय जमिनीवर, दोन्ही हात हँडलवर, तोंड कॅनॉलच्या रस्त्याकडं. मी खाली बसून रिंग बघत होते.

“आला का पाव भाग?” तिनं विचारलं.

“जरासा राहिलाय.”

“मंग मार अजून,” ती म्हणाली. तिची नजर रस्त्यावरून हलली नव्हती. मी पंप लावला.